पांढऱ्या पेशी आणि सिस्टरांचा हात

“सून चांगली हाय गं, पण बोलतच न्हाई. मायक्रोस्कोपात बघितल्यासारखं आपल्याकडं बघत राहती. मला तर कधीकधी वाटतंय, आपल्याला काचेवर घेतलंय की काय!”

माझ्या सासूबाई त्यांच्या नणंदेला, औशाच्या आत्याबाईंना, फोनवर सांगत होत्या. मी भिंतीच्या अलीकडे, रक्ताच्या स्लाइडवर रंग टाकून तो चढायची वाट बघत उभी. रंग चढला. स्लाइडवर, आणि थोडा माझ्या कानांवरही.

लॅबमध्ये तीन गोष्टी रोज जमतात: रक्त, लघवी आणि किस्से. पहिल्या दोन्हींची विल्हेवाट कशी लावायची याचे नियम आहेत. पिवळी पिशवी, लाल पिशवी. किश्शांना पिशवी नाही, ते साचत जातात. आणि जो बोलत नाही त्याच्याकडे जरा जास्तच साचतात.

लातूरच्या एका बोळात आमची लॅब आहे. खाली लॅब, वर घर. लॅब माझ्या नवऱ्याची, सुमितची. मी नांदेडची, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. लग्नानंतर माहेरची पाठपरतणी उरकून सासरी आले तशी मायक्रोस्कोपवर बसले. सासूबाई सरकारी दवाखान्यातल्या स्टाफ नर्स, जळकोटहून रिटायर झालेल्या. सगळा बोळ त्यांना ‘सिस्टर’ म्हणतो. बोळाचं सोडा, माझे सासरेसुद्धा सिस्टरच म्हणतात! “सिस्टर, चहा टाका.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, “सवय होईल.” झाली. तोंडावर मी त्यांना ‘आई’ म्हणते, मनात सिस्टरच.

*

सिस्टरांचा हात म्हणजे काय चीज आहे, ते मी पहिल्याच आठवड्यात बघितलं.

शिरूर अनंतपाळहून एक आजोबा आले होते. वाळल्या शेंगेसारखे हात. सुमितने डाव्या हाताला सुई टोचली, उजव्याला टोचली. रक्ताचा थेंब नाही.

“आई, शीरच लागत नाही गं.”

सिस्टर काउंटरवरून उठल्या. आजोबांचा हात मांडीवर घेतला, कोपराच्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “आजोबा, सून नीट जेवायला घालती का?”

झालं! आजोबा सुरू झाले. भाकरी करपवती, वरणात पाणीच पाणी, दूध विकून टाकती. सिस्टर ‘हाव’, ‘असं का’, ‘अरारा’ करत होत्या. आजोबा दुधाच्या हिशेबावर आले तेव्हा नळी भरलेली होती आणि सिस्टर कापूस दाबत होत्या.

“झालं आजोबा. उठा.”

“कवा झालं?”

“कवाच झालं.”

आजोबा उठेनात. म्हणाले, “आवो, पण माझं पुरं ऐकून तर घ्या की!”

नंतर सिस्टर सुमितला म्हणाल्या, “शीर कुठं जातीय रे? भिऊन बसलेली असती. आधी माणसाला बोलतं करावं. शीर आपसुक वर येती.”

या हाताला आमवात आहे. घरात सगळ्यांना माहीत, लॅबमध्ये कुणालाच नाही. सकाळी बोटं सुजलेली असतात, मूठ वळत नाही. चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरतात आणि कुणी बघितलं की म्हणतात, “गार वाटायलंय.” मे महिन्यातसुद्धा! त्यावर दर रविवारी एक गोळी असते. डॉक्टर मुद्दाम नांदेडचे, कारण लातूरच्या डॉक्टरकडे गेलं की दुपारपर्यंत बोळाला कळतं. माझं नांदेडचं स्थळ आलं तेव्हा सिस्टर पत्रिका न बघताच हो म्हणाल्या होत्या. त्याचं कारण मला लग्नानंतर समजलं. सुनेच्या माहेरी जायला कुणाला कारण सांगावं लागत नाही!

मला वाईट वाटलं नाही. रिटायर झाल्यावर पद, पगार, गणवेश सगळं गेलं. स्वतःचं म्हणून त्या बाईंकडे तो हातच उरला होता. तो गेला तर राहणार काय, तर पावती फाडणाऱ्या एक काकू.

*

लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. इथे माणसं रिपोर्टसुद्धा मार्कशीटसारखे वाचतात.

एक फिजिक्सचे सर रिपोर्ट न्यायला आले. काउंटरवरच पाकीट फोडलं आणि चेहरा उजळला.

“पांढऱ्या पेशी चौदा हजार! सिस्टर, नॉर्मल किती असतंय?”

“अकरा हजारांपर्यंत.”

“म्हणजे आपण आउट ऑफच्या पुढं! सौ.ला तर सहाच हजार हायत. मी म्हणतच होतो तिला, तुझी प्रतिकारशक्ती कमी हाय.”

सरांनी तिथूनच घरी फोन लावला. सौ.ला सहा हजारांबद्दल थोडं बोलून घेतलं. सिस्टरांनी त्यांचं होईपर्यंत वाट बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, ते काखेतलं गळू आधी फोडून घ्या. मार्क कमी होतील.”

सर गळू फोडून आठवड्याने परत आले. आठ हजार. जरा नाराजच दिसले.

*

उदगीरच्या एक चाची दर थंडीला शिंकत येतात. त्यांच्या रिपोर्टमध्ये एक पेशी नेहमीच जास्त. रंग दिल्यावर केशरी दाण्यांनी भरलेली दिसते. दिसायला सगळ्यात देखणी आणि स्वभावाने सगळ्यात तापट.

चाचींनी मला विचारलं, “ये जास्ती क्यूं है बेटा?”

पेशंटने विचारलं तर मी बोलते. मोजकं. म्हटलं, “चाची, ही पोटातल्या जंतांशी भांडणारी पेशी आहे. तुमच्या पोटात जंत नाहीत. मग दुसरी एक पेशी धुळीलाच शत्रू समजून आरडाओरडा करते आणि ही भांडायला धावते.”

चाचींनी मान डोलावली. एकदम पटलं त्यांना.

“बिल्कुल हमारी सास! झगडने कू कोई नै मिला तो चमच्यां से झगडती!”

बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. मग सगळ्यांनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मायक्रोस्कोपात बघितलं.

*

सासरे, म्हणजे बाबा, बाजार समितीतून रिटायर झालेले. माणूस सोन्यासारखा. एकच नाद: प्रतिकारशक्ती. कोरोनाच्या काळात धरला, तो सुटलाच नाही. गुळवेल, तुळस, मिरी, आलं आणि बचकभर गूळ घालून रोज सकाळी काढा करतात. घरच्यांनी प्यायचाच. उरला तर शेजाऱ्यांनी.

एका सकाळी लॅबमध्ये भलताच घोटाळा झाला. उपाशीपोटीची साखर बघायला आलेल्या सगळ्यांची साखर वर! ज्यांना कधी डायबेटिस नव्हता त्यांचीसुद्धा. सुमितने मशीन पुन्हा चालवून बघितलं, साखर आधीच माहीत असलेला कंट्रोल नमुना लावला, केमिकलची बाटली बदलली. शेवटी इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, मशीन ठणठणीत आहे.

तेवढ्यात सिस्टर बाहेर डोकावल्या. बाकाखाली कागदी कपांची रांग! आणि बाकाच्या टोकाला थर्मास घेऊन बाबा.

“अहो, काय करायलात तुम्ही?”

“पेशंट उपाशी बसलेत सिस्टर. म्हटलं, तेवढीच प्रतिकारशक्ती वाढंल.”

“साखर वाढली त्यांची! सगळ्यांना उद्या परत बोलवावं लागणार!”

बाबांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, “ते असू द्या. पण एकाला तरी सर्दी झाली का?”

तेव्हापासून दारावर पाटी आहे: रक्त दिल्याशिवाय काढा मिळणार नाही. काही लोक नुसते काढ्यासाठी रक्त देतात की काय, अशी मला शंका आहे.

*

आत्याबाई औशाहून आल्या की दुपारी जेवून संध्याकाळच्या गाडीने परत जातात. एका दुपारी मी ताटात लोणच्याची दुसरी फोड घेतली. आत्याबाईंनी बघितलं आणि गालात हसल्या.

त्या बसमध्ये बसल्या. बसमध्ये त्यांना जाऊ भेटली. रात्री माझ्या आईचा नांदेडहून फोन: “आम्हाला सगळ्यात शेवटी कळवायचं का गं?” दुसऱ्या दिवशी सुमितच्या मित्रांनी पार्टी मागितली. आणि त्यानंतर जळकोटहून सिस्टरांच्या जुन्या दवाखान्यातल्या एक मावशी डिंकाचे लाडू घेऊन हजर!

सिस्टरांनी आत्याबाईंना फोन लावला. “अगं, भाजी अळणी झाली होती म्हणून घेतली तिनं दुसरी फोड!”

भाजी अळणी होती हे खरं. केली होती सिस्टरांनी. मिठाचा डबा त्या दिवशी त्यांना उघडला नव्हता आणि मला हाक मारायची त्यांची तयारी नव्हती. हेही मी बघितलं होतं.

पेशींचं काम बरंचसं असंच चालतं. लोकांना वाटतं तिथे लढाई असते. मला तर ती नात्यागोत्यातली बोलाचाली वाटते. एक पेशी गावभर हिंडते. कुठे काही वेगळं दिसलं की त्याचा एक तुकडा उचलते आणि जवळच्या गाठीत जाऊन दुसरीला दाखवते: “हे बघ, काय सापडलं.” दुसरीला ते ओळखीचं वाटलं की ती तिसरीला उठवते. तिसरी त्या तुकड्याच्या नावाने नोटिसा काढते आणि रक्तात सोडते. नोटीस ज्याच्या अंगावर चिकटली, त्याला खाणाऱ्या पेशी येऊन खातात, आणि खाताखाता आणखी चौघींना हाका मारतात.

जंतू असला तर हे सगळं फार छान. पण पहिलीने उचललेला तुकडा आपल्याच सांध्याचा असला तर? नोटिसा घरच्याच नावाने निघतात. बोटाच्या पेरात सूज उतरते, हळूहळू हाड कुरतडलं जातं. हाच सिस्टरांचा आमवात. यात कुणीच वाईट नसतं. प्रत्येक जण आपापलं काम चोख करत असतो. रविवारची गोळी एवढंच करते की त्यांना जरा हळू बोलायला लावते.

*

एका रविवारी बाबा गोळीच्या पाकिटातला कागद भिंग लावून वाचत बसले. वाचता वाचता ताडकन उठले.

“सिस्टर! ह्यात तर लिवलंय, ही गोळी प्रतिकारशक्ती दाबती! मी हिकडं सकाळपासून काढा उकळायलोय आणि ही तिकडं दाबायलीय!”

मला वाटलं, नर्सबाई आहेत, समजावतील. सिस्टरांनी तो कागद घेऊन त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, “कॅन्सरच्या पेशंटला पण हीच गोळी देतेत. मी स्वतः दिलीय. मला तशीही ती घ्यावी वाटत न्हाई.”

गोळी बंद झाली. काढा दोन वेळा झाला. बाबांनी हे कुणालाही त्रास द्यायला केलं नव्हतं. रोज पहाटे उठून ते बायकोसाठी आलं किसत होते. सुमितला विचारलं तर म्हणाला, “आई नर्स आहे. तिला कळतं.” तो विषय तिथे संपला. मी नवी सून. ‘तिला कळतं’च्या पुढे काय बोलावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग भाकऱ्या माझ्याकडे आल्या. “शीक जरा, नांदेडची भाकरी जाड असती.” सकाळचे पेशंट सुमितकडे गेले. “त्याला पण सवय होऊ दे.” सिस्टर उन्हं वर आल्यावर सुई हातात घ्यायला लागल्या.

एके दिवशी एका रिटायर मुख्याध्यापिकांना सिस्टरांनी दोनदा टोचलं. दोनदा! बाकावरचे लोक माना उंचावून बघायला लागले. मुख्याध्यापिका मात्र चांगल्या होत्या. “असू दे सिस्टर, माझंच रक्त आळशी.”

सिस्टर सुई डब्यात टाकत म्हणाल्या, “सुया खराब यायलेत हल्ली.”

त्याच दिवशी सुमितने सुयांची कंपनी बदलली.

*

खंडेनवमीला आमच्याकडे लॅबमधल्या शस्त्रांची पूजा असते. मायक्रोस्कोपला झेंडूची माळ, मशीनला हळदीकुंकू, टेस्ट ट्यूबच्या स्टँडसमोर नारळ. पूजा झाली की मुहूर्ताचं रक्त काढायचं. घरातल्याच कुणाचं तरी, आणि काढायचं सिस्टरांनीच. लॅब उघडली तेव्हापासूनची रीत. यंदा मान नव्या सुनेचा.

आत्याबाई सकाळीच आल्या होत्या. बाबांनी नवं धोतर नेसलं होतं. मी खुर्चीत बसले आणि हात पुढे केला.

माझी शीर आंधळ्यालाही सापडेल अशी आहे. कॉलेजमध्ये सगळा वर्ग माझ्यावरच रक्त काढायला शिकला. सिस्टरांनी पट्टा बांधायला घेतला. गाठ बसेना. आत्याबाई पुढे झाल्या, पण सिस्टरांनी त्यांचा हात बाजूला केला आणि दातांत पट्टा धरून गाठ मारली. अंगठा फिरवला. पेरं लाल झालेली, चिंचोक्यासारखी टरारलेली.

सुई शिरेच्या शेजारून गेली.

“थांब हं रेणुका.”

“थांबलेय आई.”

दुसऱ्यांदा सुई आत गेली आणि त्यांच्या बोटांतच निसटली. माझ्या हातावर निळा डाग उठला. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता.

सिस्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. अगदी हळू, नीट, टोक पलीकडे करून. मग ट्रे सुमितकडे सरकवला.

“बास. हिथून पुढं ह्या हातानं नुसत्या पावत्या फाडायच्या.”

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

बाबा म्हणाले, “सिस्टर, असं कसं म्हणता? प्रतिकारशक्ती कमी पडायलीय तुमची. उद्यापासून काढा तीनदा!”

आत्याबाई म्हणाल्या, “वहिनी, गरम वाळूचा शेक घ्या. माझ्या जावंला लई गुण आला. मी आजच तिला फोन करती, ती तिच्या भावाला पाठवती.”

सुमित म्हणाला, “आई, तुझा काय दोष? ही पण कंपनी भिकार निघाली. बदलतो.”

सिस्टर कुणाकडेच बघत नव्हत्या. डाव्या हाताने उजवा हात झाकून बसल्या होत्या. सुमितने ट्रे उचलला, नवी सुई फोडली आणि माझ्यासमोर स्टूल ओढलं. “मुहूर्त टळायलाय. दे इकडं, मी काढतो.”

“बाबा,” मी म्हटलं.

माझा आवाज कुठून आला म्हणून आत्याबाईंनी आधी दाराकडे बघितलं.

“बाबा, आईंची प्रतिकारशक्ती कमी नाही, नको तितकी जास्त आहे. आणि ती आईंच्याच बोटांवर उठलीय. काढ्यात खरंच ताकद असेल, तर ती आईंना मिळत नाही. बोटं खाणाऱ्यांना मिळते.”

बाबांच्या हातातला थर्मास तसाच राहिला.

“आत्या, कुणाला फोन करू नका. सुया दोन्ही कंपन्यांच्या चांगल्या होत्या. गोळी बंद करायची का चालू, हे नांदेडचे डॉक्टर ठरवतील. बाबांनी नाही, मी नाही, आणि आई, नर्स असलात तरी तुम्हीही नाही. दसरा झाला की आपण दोघी जातोय.”

सुमितने माझ्या दंडाला पट्टा लावायला हात पुढे केला. मी त्याच्या हातातून पट्टा काढून घेतला आणि सिस्टरांच्या मांडीवर ठेवला.

“तुम्ही उठा,” मी नवऱ्याला म्हटलं. “हा पेशंट आईंचा आहे. कितीही वेळ लागू दे, पेशंट थांबेल.”